मानसिक स्वास्थ्य आणि सांस्कृतिक ओळख: विद्यार्थ्यांनी संशोधन प्रकल्प कोणत्या क्रमाने करावा

मानसशास्त्राच्या एमएला प्रकल्पाचा विषय मंजूर झाला की त्याच संध्याकाळी गूगल फॉर्म तयार होतो आणि रात्री व्हॉट्सअॅपच्या सगळ्या ग्रुपवर फिरतो. आठवड्याभरात शेदीडशे उत्तरं जमतात. मग मार्गदर्शक विचारतात, "ओळख म्हणजे नेमकी कोणती ओळख मोजलीत?" आणि काम तिथेच अडतं, कारण भरलेले फॉर्म मागे जाऊन दुरुस्त करता येत नाहीत. या विषयावरचे बहुतेक प्रकल्प आकडेमोडीत फसत नाहीत, फॉर्म फिरवण्याआधीच फसलेले असतात. म्हणून पुढे सर्वांत जास्त जागा त्या आधीच्या कामालाच दिली आहे.

बोलायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण धरू: विदर्भ, मराठवाडा, खानदेशातून पुण्यात शिकायला आलेले, वसतिगृहात किंवा कॉट बेसिसवर राहणारे पदवीच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी. तुमचा गट वेगळा असेल, बडोद्यातली मराठी कुटुंबं असतील किंवा मुंबईतली आदिवासी विभागाच्या वसतिगृहातली मुलं. पायऱ्यांचा क्रम तोच राहतो.

टप्पा १: विषयाचा प्रश्न करा

"सांस्कृतिक ओळखीचा मानसिक स्वास्थ्यावर होणारा परिणाम: एक अभ्यास." हे शीर्षक दरवर्षी कुणीतरी आणतंच. त्यात तीन घोळ आहेत.

पहिला 'ओळख' या शब्दाचा. धुळ्याकडची, घरी अहिराणी बोलणारी मुलगी पुण्यात आली की ती मराठी असते, खानदेशी असते, तिच्या जातीची असते, धर्माची असते आणि घरमालकिणीच्या लेखी फक्त 'बाहेरगावची' असते. प्रत्यक्षात हे सगळं एकत्रच असतं, पण प्रश्नावलीत यातलं एक निवडावं लागतं. न निवडता 'तुमची संस्कृती' असं मोघम विचारलं तर एक जण जात डोळ्यांसमोर ठेवून उत्तर देतो, दुसरा गाव, तिसरा भारत, आणि तुम्ही तिघांची बेरीज करता.

दुसरा घोळ स्वास्थ्याचा. उदासीची लक्षणं नसणं आणि बरं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही मोजायच्या असतील तर साधनंही दोन लागतील.

तिसरा 'परिणाम'. एकदाच भरून घेतलेल्या फॉर्मवरून फार तर संबंध कळतो. ज्यांना बोलीची लाज वाटते ते जास्त उदास असतात, की उदास असल्यामुळे सगळ्याचीच लाज वाटते, हे त्या फॉर्मवरून सांगता येणार नाही.

म्हणून प्रश्न असा आवळा: पुण्यात पदवीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या आणि घराबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये आपल्या बोलीशी व प्रदेशाशी असलेली बांधिलकी आणि गेल्या दोन आठवड्यांतलं मानसिक स्वास्थ्य यांच्यात संबंध आहे का? शीर्षक लांबलं तर लांबू द्या.

*तपासा:* मानसशास्त्राशी संबंध नसलेल्या मित्राला प्रश्न वाचून दाखवा. कोणाला विचारणार, काय मोजणार आणि कुठल्या काळातलं, हे तिन्ही त्याला सांगता आलं तरच पुढे चला.

टप्पा २: फॉर्मआधी पाच-सहा जणांशी बोला

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. अभ्यासगटातल्या पाच-सहा जणांबरोबर प्रत्येकी अर्धा तास बसा. "तुम्हाला तुमच्या संस्कृतीचा अभिमान वाटतो का?" असं विचारू नका. याला नाही कोण म्हणणार? त्याऐवजी विचारा: इथे आल्यापासून बोलण्यात काय बदललं? खोलीतली मुलं समोर असताना घरचा फोन आला तर कसं बोलता? कोणत्या सणाला गावी जाता आलं नाही, आणि त्या दिवशी काय केलं?

मग ऐकायला येतं ते साधं असतं. 'पाणी' ऐवजी 'पानी' म्हटल्यावर वर्गात पिकलेला हशा, 'करून राहिलो' वरून पडलेलं टोपणनाव, मेसच्या आमटीतला गूळ, पोळ्याला नसलेली सुट्टी. आणि गावी गेल्यावर भावाचं "पुणेरी झालास की रे!" हे शेवटचं महत्त्वाचं, कारण ताण शहराकडूनच येतो असं नाही, गावाकडूनही येतो. दोन संस्कृतींत वावरणारी माणसं काय करतात याची मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांची चौकट इथे कामाला येते: जुनं सोडून नवं धरणं, जुनं धरून नव्यापासून लांब राहणं, दोन्ही सांभाळणं आणि दोन्ही सुटणं. पण ती प्रामुख्याने स्थलांतरित आणि अल्पसंख्य समूहांवरच्या कामातून आली आहे. एकाच राज्यात, एकाच लिखित भाषेत वावरणाऱ्या मुलांना ती जशीच्या तशी बसते असं गृहीत धरू नका. बसते का, हाही एक प्रश्न ठेवा.

*सावधान:* या गप्पा तयारीपुरत्या आहेत. त्यातली वाक्यं अहवालात उद्धृत करायची असतील तर या गप्पांनाही नैतिक समितीची मंजुरी आणि प्रत्येकाची संमती आधी लागते.

टप्पा ३: साधनं निवडा, आणि कमी निवडा

पाच प्रश्नावल्या एकापुढे एक जोडून शंभर विधानांचा फॉर्म करणं म्हणजे कष्ट नव्हेत. चाळिसाव्या विधानानंतर माणूस वाचत नाही, नुसता टिचक्या मारतो.

स्वास्थ्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा डब्ल्यूएचओ-५ निर्देशांक पदवी-पदव्युत्तर प्रकल्पाला पुरतो. पाच विधानं, प्रत्येकाला ० ते ५ गुण, काळ गेले दोन आठवडे. बेरीज २५ पर्यंत जाते, तिला ४ ने गुणून शंभरपैकी गुण काढतात. समाधानाकडे पाहायचं असेल तर डिनर आणि सहकाऱ्यांची १९८५ची पाच विधानांची जीवनसमाधान श्रेणी (म्हणजे मोजपट्टी) आहे. उदासीची लक्षणं मोजायला पीएचक्यू-९ आहे, पण तिच्या नवव्या प्रश्नाबद्दल टप्पा ५ वाचल्याशिवाय ती घेऊ नका.

ओळखीसाठी मानसशास्त्रज्ञ जीन फिनी यांची श्रेणी बहुतेक जण उचलतात. मूळ १९९२ची, आणि फिनी व ओंग यांनी २००७मध्ये केलेली सहा विधानांची सुधारित आवृत्ती. त्यातली तीन विधानं आपल्या समूहाविषयी शोध घेण्याबद्दल आहेत, तीन बांधिलकीबद्दल. ती अमेरिकेतल्या वेगवेगळ्या वंशसमूहांच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून बनली. आपल्याकडे 'वांशिक गट' म्हटलं की विद्यार्थी एक तर गोंधळतो, नाही तर जात विचारताय असं समजतो. म्हणून आधी विचारा, "स्वतःची ओळख सांगताना बोली किंवा भाग यांपैकी काय सांगाल? इथे लिहा," आणि पुढची सहा विधानं त्याने लिहिलेल्या नावाबद्दल आहेत असं स्पष्ट सांगा.

*तपासा:* प्रत्येक साधनाबद्दल तीन गोष्टी वहीत लिहा: वापराची परवानगी कुणाची लागते, अधिकृत मराठी आवृत्ती आहे का, आणि आपल्यासारख्या गटावर ती आधी वापरली गेली आहे का. तिसऱ्यासाठी शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत शोधा. अधिकृत मराठी आवृत्ती मिळाली तर तिच्यातला एकही शब्द आपल्या मनाने 'सुधारू' नका.

टप्पा ४: भाषांतर आणि चाचणी

अधिकृत मराठी आवृत्ती नसेल तर प्रकल्पातलं सर्वांत मोठं काम हेच, आणि बहुतेक प्रकल्पांत ते एका दुपारी उरकलेलं असतं. क्रम असा ठेवा.

१. दोघांनी स्वतंत्रपणे मराठी भाषांतर करावं. एक जण विषय जाणणारा, दुसरा विषयाबाहेरचा पण चांगलं मराठी लिहिणारा.

२. दोन्ही मसुदे समोर ठेवून एक करा. जिथे मतभेद झाले ते शब्द नोंदवून ठेवा, अहवालात तेच उपयोगी पडतात.

३. मूळ श्रेणी न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीकडून मराठीचं पुन्हा इंग्रजी करून घ्या आणि मुळाशी ताडून पाहा.

४. अभ्यासगटातल्या आठ-दहा जणांना एकेक विधान मोठ्याने वाचायला सांगा आणि विचारा, "यात काय विचारलंय? तुमच्या शब्दांत सांगा."

५. मग तीसेक जणांवर पूर्ण प्रश्नावलीची चाचणी. हे तीस जण मुख्य नमुन्यात घ्यायचे नाहीत.

बहुतेक जण तिसऱ्या पायरीवर थांबतात आणि 'उलट भाषांतर केले' असं अभिमानाने लिहितात. ते का पुरत नाही ते पाहा. ओळखीच्या श्रेणीत आपल्या समूहाबद्दल जाणून घ्यायला वेळ दिला आहे, अशा आशयाचं एक विधान आहे. भाषांतर झालं: 'मी माझ्या समूहाविषयी माहिती मिळवण्यात वेळ घालवला आहे.' उलट भाषांतरात ते बिनचूक मुळाशी जुळतं. कागदावर सगळं ठीक. पण मराठीत वेळ घालवणं म्हणजे वाया घालवणं. ज्या मुलाने आजोबांकडून गोंधळाची गाणी लिहून घेतली आहेत, तोसुद्धा इथे 'असहमत' म्हणू शकतो, कारण त्याच्या मते तो वेळ वाया गेलेला नाही. हे चौथ्या पायरीशिवाय पकडलं जात नाही. 'मी मुद्दाम वेळ काढून माहिती मिळवली आहे' असं केलं की अडचण सुटते.

दुसरा सापळा नकारार्थी विधानांचा. 'मला परकं वाटत नाही' यावर 'असहमत' म्हणजे नेमकं काय, हे कळायला दोनदा वाचावं लागतं, आणि फोनवर कुणी दोनदा वाचत नाही. स्वतः विधानं रचत असाल तर ती सरळ ठेवा. प्रमाणित श्रेणीतली उलटी विधानं मात्र बदलता येत नाहीत. रोझेनबर्ग यांची १९६५ची आत्मसन्मान श्रेणी घेणार असाल तर तिच्या आठव्या विधानावर लक्ष ठेवा. स्वतःबद्दल आणखी आदर वाटता तर बरं, असा त्याचा आशय. मुळात ते कमी आत्मसन्मानाचं लक्षण मानलं आहे, पण ऐकणाऱ्याला ती चांगली इच्छा वाटू शकते. अनेक देशांत हे विधान बाकीच्या नऊंशी जुळत नाही असं आढळलं आहे.

भाषेच्या पातळीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: 'परिपूर्ण', 'अनुभूती', 'दैनंदिन जीवनक्रम' हे शब्द प्रश्नावलीतून हद्दपार करा. विद्यार्थी 'टेन्शन' म्हणत असेल तर 'ताण (टेन्शन)' असं लिहायला लाजू नका.

टप्पा ५: नैतिक मंजुरी आणि अडचणीतल्या व्यक्तीसाठीची सोय

मंजुरी फॉर्म फिरवण्याआधी घ्यायची असते, मागाहून मिळत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं हा आधार धरा. पहिल्या वर्षाला बसलेला प्रत्येक जण १८ पूर्ण असतोच असं नाही. १८ खालच्यांना घ्यायचं तर पालकांची संमती आणि त्या विद्यार्थ्याचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतात. ते जमणार नसेल तर '१८ पूर्ण' ही अट घाला आणि ती फॉर्मच्या पहिल्याच प्रश्नात ठेवा.

जात विचारायची का? तुमच्या प्रश्नाला लागत असेल तर जरूर विचारा, ओळखीच्या अभ्यासात तिला वगळणं हाही एक आंधळेपणाच आहे. पण 'सांगायचं नाही' हा पर्याय द्या. आणि निकाल मांडताना लक्षात ठेवा, की ऐंशी मुलांच्या वसतिगृहात एखाद्या समाजाचा एकच मुलगा असेल तर 'अमुक प्रवर्ग, तमुक तालुका, पहिलं वर्ष' एवढ्या माहितीवर सगळ्यांना तो कोण ते कळतं. नाव न लिहिणं म्हणजे गुप्तता नव्हे. लहान गट एकत्र करा, तालुका विचारूच नका, जिल्हा किंवा विभाग पुरे.

रेक्टर किंवा वर्गशिक्षकाने फॉर्म वाटले तर ती संमती उरत नाही, हुकूम होतो. स्वतः जा, आणि ज्याला भरायचा नाही त्याला कारण विचारू नका.

आता पीएचक्यू-९चा नववा प्रश्न. तो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. फॉर्म निनावी असेल आणि कुणी तिथे 'जवळजवळ रोज' अशी खूण केली, तर तुम्ही काय करणार? तुम्हाला ते कळेल, पण कोण ते कळणार नाही, आणि तुम्ही तो फॉर्म बहुधा तीन आठवड्यांनी उघडणार. याचं उत्तर आधी ठरवलं नसेल तर तो प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही. सर्वेक्षणांत वापरली जाणारी पीएचक्यू-८ हा प्रश्न गाळते, विद्यार्थी-प्रकल्पाला ती किंवा डब्ल्यूएचओ-५ बरी. नववा प्रश्न ठेवायचाच असेल तर समोर बसून भरून घ्या, त्याच दिवशी तपासा आणि समुपदेशक उपलब्ध असल्याची खात्री आधी करा.

मदतीची माहिती फॉर्मच्या शेवटी सगळ्यांनाच द्या, फक्त अडचणीत दिसणाऱ्यांना नको. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. शिवाय कॉलेजच्या समुपदेशकाची खोली आणि वेळ लिहा.

*सावधान:* बोलता बोलता कुणी "जगावंसं वाटत नाही" म्हणालं तर मुलाखत तिथेच थांबवा. एकटं सोडू नका, "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, मार्गदर्शकांना लगेच फोन करा. जिवाला धोका असेल तर गुप्तता बाजूला ठेवावी लागेल, हे संमतिपत्रात आधीच लिहिलेलं असावं. तुम्ही त्या क्षणी संशोधकही नाही आणि थेरपिस्टही नाही. सोबत थांबणारी व्यक्ती आहात, आणि तेवढं पुरे.

टप्पा ६: किती जण, कुठून, कधी

'शंभर घेतो' हा आकडा कुठून आला ते सांगता आलं पाहिजे. किती जण लागतील ते काढायला जी-पॉवर हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. ०.३० एवढा सहसंबंध ८० टक्के शक्तीने (खरा संबंध असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ०.०५ पातळीवर (नसलेला संबंध दिसण्याची शक्यता) पकडायचा असेल तर सुमारे ८५ जण लागतात. अपेक्षा ०.२० ची असेल तर हाच आकडा १९५च्या आसपास जातो. या विषयात संबंध बहुधा बारीकच निघतात, तेव्हा दुसरा आकडा धरून चला आणि अपुरे फॉर्म गृहीत धरून वर थोडे जास्त घ्या.

स्वतःच्या ग्रुपवर लिंक टाकली की तुमच्यासारखेच लोक मिळतात. निदान तीन-चार वेगवेगळी ठिकाणं ठरवा: सरकारी वसतिगृह, एखाद्या संस्थेचं वसतिगृह, कॉट बेसिसचा भाग, मुलींचं पीजी. कुठून किती आले याची नोंद ठेवा.

वेळेचा विचार फार कमी जण करतात. साधन 'गेले दोन आठवडे' विचारतं. सत्र परीक्षेच्या तोंडावर भरून घेतलंत तर परीक्षेचा ताण मोजाल, दिवाळीच्या सुट्टीहून परतल्या-परतल्या घेतलंत तर आईच्या हातचं जेवण मोजाल. सगळ्या ठिकाणांची माहिती एकाच पंधरवड्यात गोळा करा.

गूगल फॉर्ममध्ये 'प्रत्येकी एकच उत्तर' ही मर्यादा लावली की साइन-इन करावं लागतं, आणि मग 'निनावी आहे' यावर कुणाचा विश्वास बसत नाही. ती काढा. ईमेल गोळा करणं बंद ठेवा. मुलाखतीला तयार असणाऱ्यांचे नंबर दुसऱ्या, स्वतंत्र फॉर्मवर घ्या. आणि प्रत्येक प्रश्न सक्तीचा करू नका.

टप्पा ७: साफसफाई, मग आकडेमोड

कुठलं विश्लेषण करणार ते माहिती उघडण्याआधी एका पानावर लिहून मार्गदर्शकांना पाठवा. नंतर 'जे लागलं ते दाखवलं' असा आरोप येत नाही.

मूळ फाइल तशीच ठेवून प्रतीवर काम करा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच पर्याय निवडलेले फॉर्म वेगळे काढा, उलट्या विधानांचे गुण उलटवा. आणि सर्वांत आधी गुणांची सुरुवात तपासा: डब्ल्यूएचओ-५चे गुण शून्यापासून सुरू होतात. कुणी १ ते ६ असे गुण दिले तर प्रत्येकाची बेरीज ५ ने वाढते, आणि ४ ने गुणल्यावर शंभरपैकी तब्बल २० गुण फुकटचे. ज्याचे खरे गुण ४० आहेत तो ६० वर दिसतो आणि 'विद्यार्थ्यांचे स्वास्थ्य उत्तम' असा निष्कर्ष छापला जातो.

मग प्रत्येक श्रेणीचा क्रोनबाख अल्फा, म्हणजे तिची विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, काढा, तुमच्याच नमुन्यावर. मूळ लेखातला अल्फा उतरवणं म्हणजे दुसऱ्याचं ताप-मोजणं आपल्या केसपेपरवर लिहिणं. तो ०.७०च्या बराच खाली आला तर कोणतं विधान अडतंय ते पाहा, टप्पा ४ची नोंदवही तिथे उघडा. आकडेमोडीला जॅमोव्ही किंवा जास्प पुरतात, दोन्ही मोफत आहेत.

*तपासा:* अहवालात 'डिप्रेशन असलेले विद्यार्थी' असं कुठे लिहिलंय का? पीएचक्यू असो वा डब्ल्यूएचओ-५, ही चाळणी आहे, निदान नाही. 'डब्ल्यूएचओ-५वर कमी गुण मिळालेले' किंवा 'पीएचक्यूवर जास्त गुण मिळालेले' असं लिहा.

मुलाखतीही घेतल्या असतील तर त्या बोलीतच उतरवून काढा. 'मले करमत नाही' याचं प्रमाण मराठी करून मग संकेतन (उत्तरांतल्या मुद्द्यांना नावं देऊन वर्गवारी) करू नका. ज्या ओळखीचा अभ्यास करताय तीच तुम्ही पुसून टाकता.

टप्पा ८: लेखन आणि त्यानंतर

'परिणाम', 'कारणीभूत', 'प्रभाव' हे शब्द फाइलमध्ये शोधा आणि जिथे फक्त संबंध आहे तिथून काढा. संबंध सापडला नाही तर तसं लिहा, तोही निकालच असतो. मर्यादांच्या विभागात 'वेळेअभावी नमुना लहान' एवढं लिहून सुटका करून घेऊ नका. कोण सुटलं ते सांगा: गाव सोडून आलेच नाहीत ते, पहिल्या सहामाहीतच परत गेले ते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८च्या नियमांनुसार दुसऱ्यांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पण भाषांतर करून मराठीत उतरवलेलं दुसऱ्याचं लेखन सॉफ्टवेअरच्या नजरेतून अनेकदा सुटतं, म्हणून ते चालतं असं नाही.

ज्या वसतिगृहांनी दारं उघडली तिथे एका पानाचा मराठी सारांश द्या, सूचनाफलकावर लावता येईल असा. त्यात वसतिगृहांची एकमेकांशी तुलना नको.

मुलाखतीसाठी घेतलेल्या नंबरांची यादी संमतिपत्रात दिलेल्या तारखेला पुसा. ड्राइव्हच्या ट्रॅशमधली फाइल ३० दिवस तिथेच पडून राहते, ती वेगळी काढावी लागते. मार्गदर्शकांना मेलने पाठवलेली प्रत आणि मैत्रिणीला 'जरा बघ ना' म्हणून व्हॉट्सअॅपवर टाकलेली एक्सेल शीटही त्याच दिवशी काढायला सांगा.